म्हातारपणीची कमजोरी : रक्तात काय पाहावे, काय सोडून द्यावे

किनवटला बाजाराच्या दिवशी कुठल्याही दवाखान्याच्या बाकावर घटकाभर बसा. साठी-सत्तरी ओलांडलेल्या माणसांच्या तोंडी एकच तक्रार ऐकू येते. ‘अंगात ताकदच नाही राहिली, डॉक्टर. एक सलाईन लावून द्या.’ सलाईन लागते, दोन दिवस हुशारी वाटते, तिसऱ्या दिवशी पाय पुन्हा जड. मग बाहेरगावी नोकरीला असलेला मुलगा सुट्टीवर येतो, आईला नांदेडला नाहीतर आदिलाबादला नेतो आणि मोठे ‘फुल बॉडी’ पॅकेज करून आणतो. सहा-सात पानांचा रिपोर्ट हाती येतो. जिथे आकडा ठळक छापलेला, तिथे बोट ठेवून घरचे घाबरतात. जिथे ठळक नाही, तिथे ‘सगळं नॉर्मल आहे, वय झालं, दुसरं काय’ म्हणून गप्प बसतात. दोन्ही वेळा आई आहे तिथेच राहते.

आधी सलाईनचा हिशेब पाहू. ५ टक्के डेक्स्ट्रोजच्या ५०० मिलिलिटर बाटलीत २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे फार तर १०० कॅलरी. ज्वारीच्या एका भाकरीत याच्या दुप्पट ऊर्जा असते आणि वर प्रथिनेही असतात. बाटलीत प्रथिने शून्य. जुलाब-उलट्यांनी किंवा उन्हाने अंगातले पाणी गेले असेल तर सलाईन जीव वाचवते. महिनोन्‌महिने चाललेल्या कमजोरीवर मात्र तो उपचार नाही.

वाढत्या वयात शरीराची राखीव ताकद आटत जाते. साधा ताप, एखादी ठेच, चार दिवसांचे अंथरूण एवढ्यानेही माणूस कोलमडतो आणि पुन्हा पहिल्यासारखा उभा राहत नाही. वैद्यकशास्त्र याला फ्रेल्टी म्हणते. आपण वार्धक्यातली क्षीणता म्हणू. ती प्रत्येकाला येतेच असे नाही आणि आली तरी लवकर ओळखली तर बरीचशी मागे फिरवता येते. रक्ताची तपासणी यात कामाची आहे, पण तिचे काम नेमके कोणते हे कळले पाहिजे. क्षीणता किती आहे हे रक्त सांगत नाही. ती कशामुळे आली आणि त्यातले काय दुरुस्त होण्यासारखे आहे, हे मात्र सांगते.

आधी माणूस मोजा, मग रक्त

अमेरिकेत डॉ. लिंडा फ्राईड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली ६५ वर्षांवरील ५,३१७ माणसांच्या अभ्यासातून क्षीणतेच्या पाच खुणा ठरवल्या : वर्षभरात आपोआप घटलेले वजन, सततचा थकवा, हाताच्या पकडीतली कमी ताकद, मंदावलेली चाल आणि घटलेली हालचाल. पाचपैकी तीन किंवा अधिक खुणा असतील तर क्षीणता, एक-दोन असतील तर तिची सुरुवात. जगभर आजही हीच कसोटी सर्वाधिक वापरली जाते. यातल्या एकाही खुणेसाठी सुई टोचावी लागत नाही.

घरी करता येतील अशा तीन गोष्टी आहेत.

पहिली चाल. ओसरीत किंवा अंगणात टेपने ४ मीटर अंतर मोजून दोन रेघा मारा. आईला किंवा वडिलांना पहिल्या रेघेच्या थोडे मागून, नेहमीच्या चालीने चालू द्या. काठी वापरत असतील तर काठी घेऊनच. पहिली रेघ ओलांडताच मोबाइलचे घड्याळ सुरू करा, दुसरी ओलांडताच थांबवा. ५ सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागला तर चाल मंदावली आहे.

दुसरी उठणे-बसणे. भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवर बसवा, हात छातीशी घडी. हाताचा आधार न घेता पाच वेळा उठून बसायला १२ सेकंदांच्या आत वेळ लागावा, असा आशियाई तज्ज्ञांचा २०१९ सालचा निकष आहे. १५ सेकंदांच्या वर गेले, किंवा हात टेकल्याशिवाय उठताच आले नाही, तर मांड्यांची ताकद नक्की घटली आहे. शेजारी कुणीतरी उभे राहावे, म्हणजे तोल गेला तर सावरता येईल.

तिसरी वजन. वर्षभरात प्रयत्न न करता ४ ते ५ किलो किंवा शंभरातले पाच या प्रमाणात वजन उतरले असेल तर ती धोक्याची खूण आहे. वजनाचा काटा घरी नसला तरी आशाताईंकडे किंवा उपकेंद्रात असतो. काटा नसेल तेव्हा सैल झालेल्या बांगड्या, ढिला झालेला ब्लाउज, करगोट्याला मारावी लागलेली नवी गाठ हेही पुरावेच आहेत.

हे तीन आकडे तारखेसह वहीत लिहा. पुढे डॉक्टरांसमोर रिपोर्टाइतकेच हे कामाला येतात.

शास्त्रज्ञांना रक्तात काय सापडले

क्षीण झालेल्या माणसांच्या रक्तात काही बदल पुन्हा पुन्हा दिसतात. २००२ साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या संशोधकांना अशा वृद्धांमध्ये इंटरल्युकिन-६ हा दाह वाढवणारा घटक जास्त आणि हिमोग्लोबिन कमी आढळले. त्याच वर्षी चार हजारांहून अधिक वृद्धांच्या अभ्यासात सीआरपी या दाहदर्शक प्रथिनाचे आणि रक्त गोठवणाऱ्या काही घटकांचे प्रमाणही क्षीण माणसांत वाढलेले दिसले. अर्थ असा की, शरीरात मंद दाह सतत धुमसत असतो. तो स्नायू झिजवतो, भूक मारतो आणि अंगात लोह असूनही रक्त तयार होऊ देत नाही.

२०१४ साली कॅनडातल्या संशोधकांनी वेगळा मार्ग घेतला. एखादा जादूचा घटक शोधण्याऐवजी त्यांनी रोजच्याच तपासण्या घेतल्या आणि त्यातल्या किती मर्यादेबाहेर आहेत एवढेच मोजले. बिघडलेल्या आकड्यांची संख्या जितकी जास्त, तितका मृत्यूचा धोका जास्त, असे दिसले. आपल्यासाठी यातला धडा मोठा आहे : कुठलाही एक आकडा क्षीणता ठरवत नाही, आणि महागड्या तपासण्यांची गरजही नाही.

आपल्या देशातही हे काम सुरू आहे. मुंबईच्या देवनार इथल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये ‘लासी’ या पाहणीत ४५ वर्षांवरील ७२ हजारांहून अधिक भारतीयांची माहिती घेतली. पकडीची ताकद, चालण्याचा वेग आणि बोटातून घेतलेले रक्ताचे थेंब, हे सारे त्यात होते. पकड आणि चाल यांना रक्ताच्या बरोबरीने जागा मिळाली, ही लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट.

मोजक्या तपासण्या, मोठा उपयोग

सीबीसी. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात बोलकी तपासणी. पुरुषांत १३ आणि स्त्रियांत १२ ग्रॅमपेक्षा कमी हिमोग्लोबिन म्हणजे रक्तक्षय. वय झाले म्हणून ही मर्यादा खाली आणायची नसते. त्याच कागदावर एमसीव्ही नावाचा आकडा असतो, तो तांबड्या पेशींचा आकार सांगतो. ८० च्या खाली असेल तर बहुधा लोहाची कमतरता, १०० च्या वर असेल तर बी-१२ किंवा फोलिक ॲसिडची शंका. म्हाताऱ्या माणसात लोह कमी सापडले तर लोहाच्या गोळ्या सुरू करून थांबू नका. रक्त जाते कुठे, हा प्रश्न डॉक्टरांना विचारा. दुखण्याच्या गोळ्यांनी झालेली पोटातली जखम, मूळव्याध, क्वचित आतड्याचा कर्करोग याच मार्गाने उघडा पडतो.

अल्ब्युमिन आणि सीआरपी. हे दोन आकडे जोडीने वाचावेत. अल्ब्युमिन ३.५ ग्रॅमच्या खाली गेले की ‘प्रोटीन कमी झाले’ म्हणून पावडरचा डबा आणला जातो. पण अल्ब्युमिन घटण्याचे कारण पुष्कळदा ताट नसतेच. अंगातला दाह, जंतुसंसर्ग, यकृताचा आजार किंवा लघवीवाटे जाणारी प्रथिने यांनीही ते उतरते. सीआरपी १० मिलिग्रॅमच्या वर असेल तर आधी संसर्ग शोधायचा. ताप, खोकला, लघवीची जळजळ, दाताचे गळू, पायाची जखम यांपैकी काही आहे का ते पाहायचे. ताप उतरल्यावर दोन-तीन आठवड्यांनी सीआरपी पुन्हा करावी. तेव्हाही ती चढलेलीच असेल तर खोलात जाण्याचे कारण आहे.

क्रिएटिनिन. इथे सगळ्यात जास्त फसगत होते. क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होते. स्नायू झिजले की ते कमीच बनते, म्हणून मूत्रपिंड थकलेले असूनही आकडा ‘नॉर्मल’ दिसतो. वय आणि वजन धरून मूत्रपिंडाच्या क्षमतेचा हिशेब करायचे जुने सूत्र आहे : १४० मधून वय वजा करा, त्याला वजनाने गुणा, आलेल्या संख्येला ७२ गुणिले क्रिएटिनिनने भागा, स्त्री असेल तर उत्तराला ०.८५ ने गुणा. वय ४०, वजन ६० किलो, क्रिएटिनिन ०.९ असलेल्या बाईचे उत्तर येते सुमारे ७९. तेच ०.९ क्रिएटिनिन असलेल्या ७२ वर्षांच्या, ३८ किलोच्या आजीचे उत्तर येते सुमारे ३४. कागदावरचा आकडा एकच, पण औषधाची मात्रा ठरवताना दोघींत जमीन-अस्मानाचा फरक. म्हणून क्रिएटिनिन दाखवताना डॉक्टरांना वजनही सांगा.

साखर. क्षीण माणसात साखर वाढलेली असणे वाईट, पण औषधाने फार खाली ढकललेली असणे त्याहून धोक्याचे. साखर एकदम उतरली की भोवळ येते, माणूस पडतो, खुबा मोडतो. म्हणून क्षीण आणि अनेक आजार असलेल्या वृद्धांत तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीए१सी ८ टक्क्यांच्या आत असली तरी चालते, असे मधुमेहतज्ज्ञ सांगतात. जेवण घटले आणि गोळी तीच राहिली, असे घरात झाले असेल तर लगेच डॉक्टरांना कळवा.

बी-१२ आणि ड जीवनसत्त्व. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने ४४१ मध्यमवयीन पुरुषांची तपासणी केली. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दोन-तृतीयांश पुरुषांत बी-१२ कमी आढळले. महाराष्ट्राच्या शाकाहारी आणि जेमतेम दूध घेणाऱ्या घरांसाठी ही जुनी पण महत्त्वाची सूचना आहे. मधुमेहाची मेटफॉर्मिन आणि ॲसिडिटीची गोळी वर्षानुवर्षे चालू असेल तर बी-१२ आणखी उतरते. पायाला मुंग्या, अंधारात तोल जाणे, जीभ लाल व गुळगुळीत होणे या त्याच्या खुणा. ड जीवनसत्त्व २० नॅनोग्रॅमच्या खाली असेल तर ते भरून काढावे, हाडांना त्याची गरज आहे. मात्र अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत फक्त ड जीवनसत्त्व देऊन क्षीणता टळली नाही. आणखी एक इशारा : ६०,००० युनिटची पुडी किंवा गोळी सहसा आठवड्यातून एकदा असते. ताकदीची म्हणून कुणी रोज घेतली तर रक्तात कॅल्शियम वाढून मूत्रपिंड धोक्यात येते.

टीएसएच आणि सोडियम. सुस्ती, बद्धकोष्ठ, थंडी सहन न होणे यामागे थायरॉइड असू शकते. टीएसएचने ते कळते. सोडियम उतरले की माणूस गोंधळतो, पाय लटपटतात. रक्तदाबाच्या लघवी वाढवणाऱ्या गोळ्या हे त्याचे नेहमीचे कारण.

एवढ्या तपासण्या पुरेशा आहेत. सोबत लघवीची साधी तपासणी जोडा, म्हणजे प्रथिने आणि संसर्ग दोन्ही कळतील.

एक रिपोर्ट वाचून पाहू

समजा, वर हिशेबात आलेल्या ७२ वर्षांच्या आजींचाच रिपोर्ट समोर आहे. हिमोग्लोबिन ९.६, एमसीव्ही १०६, अल्ब्युमिन ३.६, सीआरपी २, क्रिएटिनिन ०.९. आजी दहा वर्षे मेटफॉर्मिन घेतात, गुडघ्यासाठी मेडिकलमधून आणलेली दुखण्याची गोळी जवळजवळ रोज. ४ मीटर चालायला ७ सेकंद लागतात. अंधारात भिंत धरून चालतात.

घरचे काय करतील? हिमोग्लोबिन कमी म्हणून लोहाचे टॉनिक आणतील. पण एमसीव्ही १०६ आहे, म्हणजे पेशी मोठ्या आहेत. लोह कमी असते तर त्या लहान दिसल्या असत्या. बी-१२ तपासायला हवे, आणि ते कमी निघाले तर इंजेक्शनने भरून काढायला हवे. नुसत्या फोलिक ॲसिडच्या गोळ्या दिल्या तर हिमोग्लोबिन वाढेल, पण नसांची हानी आतून चालूच राहील. सीआरपी साधी आहे, म्हणजे मोठा दाह दिसत नाही. क्रिएटिनिन बरे दिसले तरी वजनाच्या हिशेबाने मूत्रपिंडाची क्षमता ३४ आहे, म्हणून दुखण्याची गोळी थांबवायला हवी आणि मेटफॉर्मिनचा डोस डॉक्टरांनी पुन्हा ठरवायला हवा. यात एकही महागडी तपासणी नाही. हातात असलेले पाच आकडे, चालू औषधांची यादी आणि चालण्याचा वेळ एकत्र वाचला, एवढेच.

आपल्या भागात लक्षात घ्यायच्या गोष्टी

किनवट-माहूरच्या पट्ट्यात गोंड, कोलाम, परधान, आंध आणि बंजारा वस्ती मोठी आहे. यातल्या काही समाजांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आढळतो. त्याच्या निर्मूलनासाठी १ जुलै २०२३ पासून राष्ट्रीय अभियान सुरू झाले आहे. तिथे भर लहान मुले आणि तरुणांवर आहे, पण घरात नातवाला सिकलसेल निघाला असेल तर आजी-आजोबांचा रक्तक्षय वाचतानाही ती माहिती डॉक्टरांना द्या. सिकलसेल किंवा मोठा रक्तक्षय असेल तर एचबीए१सी फसवी येऊ शकते. अशा वेळी उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर पाहावी. तपासल्याशिवाय लोहही देऊ नये.

दुसरी गोष्ट पाण्याची. या भागातल्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड मर्यादेपेक्षा जास्त आढळले आहे. पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत असावे, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत. वर्षानुवर्षे जास्त गेले तर कंबर, मान, गुडघे ताठरतात, वाकता येत नाही, आणि घरचे त्याला म्हातारपण समजतात. गावात अनेकांचे दात पिवळट-तपकिरी डागांचे असतील आणि अनेक म्हातारी माणसे ताठरलेली असतील, तर आधी पाणी तपासा. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडे नमुना पाठवण्याचा आग्रह धरा.

तिसरी गोष्ट क्षयरोग. वजन उतरतेय, भूक नाही, संध्याकाळी अंग तापते, दोन आठवड्यांवर खोकला आहे, तर कमजोरीच्या तपासण्यांआधी थुंकीची तपासणी. ती सरकारी दवाखान्यात मोफत होते.

चौथी गोष्ट पुड्यांची. संधिवातावर म्हणून मिळणाऱ्या, नाव-गाव नसलेल्या पुड्या-गोळ्यांत स्टेरॉइड मिसळलेले असू शकते. चार दिवसांत चमत्कार वाटावा असा आराम पडतो आणि वर्षभरात मांड्यांचे स्नायू झिजतात, साखर चढते, हाडे ठिसूळ होतात. आई-वडील अशा पुड्या घेत असतील तर रागावू नका, लपवूही देऊ नका. पुडी डॉक्टरांना दाखवा. मात्र एकदम बंद करू नका. दीर्घकाळ घेतलेले स्टेरॉइड अचानक थांबवले तर जिवावर बेतू शकते.

कुठे जायचे, कसे जायचे

प्राथमिक आरोग्य केंद्रापासून गोकुंद्याच्या उपजिल्हा रुग्णालयापर्यंत सरकारी दवाखान्यांत घेतलेले रक्त महालॅबच्या सेवेतून तपासले जाते आणि त्याचे पैसे लागत नाहीत. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतले उपचारही १५ ऑगस्ट २०२३ पासून मोफत आहेत. म्हणून पहिल्या फेरीसाठी नांदेडची वाट धरायचे कारण नाही. इथून पुढे पाठवले तर विष्णुपुरीचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. सत्तरी पूर्ण केलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, भरती होऊन घेतलेल्या उपचारांसाठी आयुष्मान वय वंदना कार्ड मिळते. ते आजारपणाआधीच काढून ठेवा.

रक्त द्यायला जाताना चार गोष्टी पाळा. ताप, जुलाब किंवा नुकतेच मोठे आजारपण असेल तर, डॉक्टरांनी तातडीने सांगितले नसल्यास, तपासणी दोन-तीन आठवडे पुढे ढकला. उन्हाळ्यात पाणी पिऊन जा. अंग सुकलेले असेल तर हिमोग्लोबिन आणि अल्ब्युमिन खोटेच चांगले आणि क्रिएटिनिन खोटेच वाईट दिसते. उपाशी राहायची गरज साखरेच्या उपाशीपोटीच्या तपासणीपुरती. सीबीसी, क्रिएटिनिन, टीएसएच यांना नाही. आणि शक्यतो प्रत्येक वेळी एकाच प्रयोगशाळेत जा, म्हणजे मागचा-पुढचा आकडा ताडून पाहता येईल. हिमोग्लोबिन १२.५ वरून वर्षात ११ वर आले, ही घसरण एका वेळच्या आकड्यापेक्षा जास्त सांगते.

काय सोडून द्यावे? इंटरल्युकिन-६, थायरॉइड सोडून इतर हार्मोन, ‘शरीराचे खरे वय’ सांगणाऱ्या तपासण्या. संशोधनासाठी त्या मोलाच्या आहेत. पण आकडा आला तरी घरच्या म्हाताऱ्या माणसाच्या उपचारात त्याने फरक पडत नाही. कॅन्सर मार्करचे पॅकेजही डॉक्टरांनी कारण सांगितल्याशिवाय करू नका. त्यातून निदान कमी आणि धसका जास्त मिळतो. वाचलेले पैसे दूध-अंड्यावर खर्च करा.

रिपोर्टनंतरचे खरे औषध

बी-१२ भरले, थायरॉइडची गोळी लागू पडली, रक्तस्राव थांबला, तरी झिजलेला स्नायू आपोआप भरत नाही. त्याला दोनच गोष्टी लागतात : ताटात प्रथिने आणि पायांना काम.

वृद्धांनी रोज शरीराच्या प्रत्येक किलोमागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिने घ्यावीत, असे तज्ज्ञ सांगतात. ४० किलोच्या आजींना ४० ते ४८ ग्रॅम. आपल्या ताटात ते असे बसते : दोन ज्वारीच्या भाकरी १२ ग्रॅम, दोन वाट्या घट्ट वरण १३, एक अंडे ६, पेलाभर दूध किंवा दही ६, मूठभर शेंगदाणे ७. झाले ४४. अंडे चालत नसेल तर मोड आलेली मटकी, हरभऱ्याची उसळ, घट्ट पिठले. सोयाबीन तर आपल्याच शेतात पिकते. ते चांगले शिजवून किंवा थोडे भाकरीच्या पिठात दळून वापरता येते. दात नसतील तर शेंगदाण्याचा कूट, मऊ शिजवलेली डाळ, दह्यात कुस्करलेली भाकरी. घरातल्या कर्त्यांनी एवढे पाहावे की म्हातारी सगळ्यांना वाढून उरलेल्या पातळ वरणावर भागवत तर नाही ना. बहुतेक घरांत क्षीणतेची सुरुवात तिथेच होते. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिनांचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

व्यायामाविषयी ‘आयुष्यभर शेतात राबलो, आता कसला व्यायाम’ असे उत्तर येते. राबणे थांबले म्हणूनच तो हवा. अमेरिकेत ७० ते ८९ वयाच्या १,६३५ माणसांवर झालेल्या चाचणीत नियमित चालणे, ताकदीचे आणि तोलाचे व्यायाम करणाऱ्यांमध्ये चालणे बंद पडण्याचे प्रमाण कमी राहिले. ती २०१४ साली प्रसिद्ध झाली. युरोपातल्या ११ देशांत झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात व्यायामाला आहाराच्या सल्ल्याची जोड दिली गेली आणि निष्कर्ष तोच निघाला.

घरी आठवड्यातून तीन दिवस एवढे करा. खुर्चीतून किंवा उंच बाजेवरून उठणे-बसणे, सुरुवातीला पाच वेळा, हळूहळू दहा-दहाच्या दोन फेऱ्या. भिंतीला हात लावून टाचा उचलणे, दहा वेळा. भिंतीशी उभे राहून एका पायावर दहा सेकंद, मग दुसऱ्या. पाण्याने भरलेली अर्ध्या लिटरची बाटली दोन्ही हातांत घेऊन खांद्यापर्यंत उचलणे. आणि रोज सकाळी कोवळ्या उन्हात, थोडा दम लागेल एवढे चालणे. छातीत दुखणे, भोवळ किंवा बोलता येऊ नये एवढा दम लागला तर थांबा आणि दवाखाना गाठा.

तीन महिन्यांनी पुन्हा ४ मीटर चालवून पाहा, पाच वेळा उठवून पाहा, वजन करा. हिमोग्लोबिन किंवा बी-१२ वर उपचार चालू असेल तर तीही तपासणी तेव्हाच करा. रक्त सुधारले पण चाल सुधारली नाही, तर व्यायाम आणि जेवण कमी पडते आहे. चाल सुधारली आणि एखादा आकडा जरासा बाहेर राहिला, तर घाबरू नका. डॉक्टरांना दाखवा आणि चालणे सुरू ठेवा.

हे दिसले तर वाट पाहू नका

शौच डांबरासारखे काळे होणे, हिमोग्लोबिन ८ च्या खाली, अचानक बरळणे किंवा ओळख न पटणे, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे, दोन दिवस काही न खाणे-पिणे, पडल्यावर पाय टेकवता न येणे. यातले काहीही दिसले तर त्याच दिवशी दवाखाना. रुग्णवाहिकेसाठी १०८. घरी एकट्या राहणाऱ्या वृद्धांना सल्ला किंवा मदत हवी असेल तर १४५६७ ही ज्येष्ठांची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे.

‘वय झालं’ हे निदान नाही. वयाच्या नावाखाली बी-१२ ची कमतरता, थकलेले थायरॉइड, लपलेला क्षयरोग, रोजची दुखण्याची गोळी आणि पातळ वरण अशी कितीतरी दुरुस्त होणारी कारणे दबून राहतात. या आठवड्यात घरातल्या साठी ओलांडलेल्या प्रत्येकाची चाल मोजा, वजन करा, चालू औषधांची यादी लिहा आणि ती वही घेऊन जवळच्या आरोग्य केंद्रात जा. सलाईन नको, तपासणी करा, असे डॉक्टरांना आपणहून सांगा.